दहा मिनिटे आणि सहा आठवडे

मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, "किती वेळ लागला हो?" दहा-पंधरा मिनिटे, असे सांगितले की समोरचा थक्क होतो. "विज्ञान कुठल्या कुठे गेलं बघा!" असे म्हणून तो खुर्ची पुढे ओढतो. दुसरा प्रश्न खर्चाचा. तिसरा, 'लेन्स देशी की परदेशी?' हा. तोवर चहा येतो आणि गप्पा पावसापाण्याकडे वळतात. "आता तुम्हाला दिसतं किती?" हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. ऑपरेशन झाले म्हणजे दिसणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, तीही बहुतेक मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या शाखांत. त्या नोकरीने एक गोष्ट पक्की शिकवली. कर्जवाटपाचा मेळावा होतो, त्याला मांडव पडतो, हारतुरे होतात, पाहुणे येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. वसुलीचा मेळावा कधी कुणी भरवत नाही! पण शाखा चांगली की वाईट, हे वाटपाच्या आकड्यावरून ठरत नाही, वसुलीवरून ठरते. गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचे आणि त्यानंतर काही महिन्यांनी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा हा जुना धडा पुन्हा आठवला. ऑपरेशन हे वाटप आहे. नजर ही वसुली. आणि ती वसुली टेबलावरच्या दहा मिनिटांइतकीच त्याआधीच्या तपासणीवर आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांवर अवलंबून असते.

पिकण्याची वाट

मोतीबिंदू माणसाला कसा गाठतो, हे बँकेच्या काउंटरमागे बसून मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला यायचे. निवृत्त गुरुजी, पोस्टमन, एस. टी.चे वाहक. एके काळी मोत्यासारखे अक्षर असलेल्या गुरुजींची सही एखाद्या वर्षी ओळीखाली घसरलेली दिसे. पुढच्या वर्षी ती दोन अक्षरे एकमेकांवर चढवी. त्याच्या पुढच्या वर्षी गुरुजी ओशाळून म्हणत, "साहेब, अंगठाच घ्या." चाळीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवलेल्या माणसाचा अंगठा शाईत बुडवताना हात जड होई. गुरुजींना विचारले, "ऑपरेशन का नाही करत?" की उत्तर एकच, "अजून पिकला नाही म्हणतात."

हे 'पिकणे' आपल्या मनात फार खोल रुतून बसले आहे. त्याला कारणही आहे. पूर्वीच्या पद्धतीत डोळ्यातले नैसर्गिक भिंग आवरणासकट अख्खे काढून घेत. काढले की माणसाला दहा नंबरच्या आसपासचा, बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. त्यातून वस्तू पाव हिश्शाहून अधिक मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. त्यामुळे अगदीच दिसेनासे झाल्याशिवाय ऑपरेशन करू नये, हा सल्ला तेव्हा शहाणपणाचाच होता. पद्धत बदलली, सल्ला मात्र राहिला. आज डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवतात. त्यामुळे वाचन, वाहन, स्वयंपाक, शेतातले काम अडू लागले की वेळ झाली, असे डॉक्टर मानतात. उलट मोतीबिंदू फार पिकू दिला तर तो दगडासारखा कडक होतो. तो फोडून काढायला जास्त ताकद लागते, त्यात बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज येते आणि नजर उशिरा किंवा कमी परतते. काहींच्या डोळ्याचा दाब अचानक वाढतो, असह्य ठणका लागतो आणि डोळ्याची शीर कायमची दुखावते. पिकलेल्या आंब्याची गोष्ट वेगळी, पिकलेल्या मोतीबिंदूची वेगळी!

मिलीमीटरचा हिशेब

डोळ्यात भिंग बसवण्याची कल्पना कशी सुचली, ती हकिकत मोठी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या विमानाच्या झाकणाचे पारदर्शक प्लास्टिक फुटून त्याच्या कपच्या डोळ्यांत घुसत. हॅरॉल्ड रिडले या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले, की डोळा या कपच्या मुकाट सहन करतो. मग त्याच पदार्थाचे भिंग का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने ते प्रथम बसवले. समव्यवसायी मंडळींनी त्याला कित्येक वर्षे वेड्यातच काढले. आपल्याकडे हे भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला आणखी चार दशके गेली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना निघाला, देशातच भिंगे तयार होऊ लागली आणि किंमत एकदम खाली आली. १९९४-९५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू-अंधत्व निवारणाचा मोठा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्रही होता.

पण भिंग स्वस्त झाले म्हणून प्रत्येकाला एकच भिंग चालत नाही. प्रत्येकाच्या डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई वेगळी. दोन्ही मोजून भिंगाचा नंबर काढावा लागतो. डोळ्याची लांबी साधारण तेवीस-चोवीस मिलीमीटर. ती मोजताना एका मिलीमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनचा फरक पडतो. म्हणजे ऑपरेशन निर्दोष होऊनही माणूस पुन्हा जाड चष्म्यात अडकतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तंत्रज्ञ मुलीने माझ्या डोळ्याची मापे तीन-तीनदा घेतली, तेव्हा बाहेर बाकावर बसलेली मंडळी कुरकुरत होती. मला मात्र रोख मोजणारा जुना कॅशियर आठवला. नोटा दोनदा मोजणाऱ्याला रांग नावे ठेवते, पण संध्याकाळी हिशेब त्याचाच जुळतो.

पडदा, शीर आणि साखर

डोळा हा जुन्या कॅमेऱ्यासारखा आहे, असे समजा. मोतीबिंदू म्हणजे काचेवर आलेला धुरकटपणा. ऑपरेशनने काच बदलते. आतली फिल्मच खराब असेल, तर नवी काच काय करणार? डोळ्यातली फिल्म म्हणजे मागचा पडदा. त्या पडद्यावरचे चित्र मेंदूकडे नेणारी तार म्हणजे डोळ्याची शीर. पडदा बिघडवणारा पहिला शत्रू मधुमेह. शिरेला कुरतडणारा काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेले परत येते, काचबिंदूने गेलेले येत नाही. नावे जुळी असल्याने घोटाळा होतो आणि त्या घोटाळ्यात माणसे डोळे गमावतात.

माझ्याबरोबर तपासणीला एक गृहस्थ होते. मधुमेह पंधरा वर्षांचा, गोळ्या मन मानेल तशा. त्यांचे ऑपरेशन उत्तम झाले, पण पट्टी सुटल्यावर समोरच्या तक्त्यावरची वरची दोन अक्षरेच दिसली. ते डॉक्टरांवर संतापले. डॉक्टरांनी शांतपणे ऑपरेशनपूर्वीचा कागद दाखवला. पडद्यावर मधुमेहाचे डाग आहेत, नजर पूर्ण येणार नाही, असे त्यावर लिहिले होते आणि खाली गृहस्थांची सही होती. कर्जाच्या कागदावर न वाचता सही करणारे असंख्य लोक मी पाहिले आहेत. डोळ्यांच्या कागदावरही तसेच होते. म्हणून ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा, "माझा पडदा आणि शीर कशी आहे? किती नजर येईल?" मोतीबिंदू इतका दाट असेल, की आतले दिसतच नाही, तर डॉक्टर तसे सांगतील. तेही कळलेले बरे.

साठी उलटलेल्या पुरुषांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपण लाजेने लपवतो. लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची जी गोळी दिली जाते, विशेषतः टॅमसुलोसिन, तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि तिच्याभोवतीचा पडदा ढिला पडून आड येतो. हे आधी माहीत असेल तर सर्जन तयारीने उतरतो. माहीत नसेल तर आयत्या वेळी अडचण. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम राहू शकतो, म्हणून स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना नुसते सांगावे.

निळे आकाश

पट्टी सुटल्यानंतरचा पहिला दिवस मात्र कुणीही विसरू नये असाच असतो. मी आधी घराची भिंत पाहिली. ती पांढरी होती! इतकी वर्षे मी तिला फिकट पिवळी समजत होतो. मग आकाश पाहिले. इतके निळे आकाश मी बहुधा शाळकरी वयात पाहिले असेल. याचे कारण साधे आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट, तपकिरी होत जाते आणि निळा रंग अडवते. हे इतके हळूहळू होते, की जग मळकट झाले आहे, हे आपल्याला कळतही नाही. फ्रेंच चित्रकार मोने याचे १९२३ मध्ये मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा त्यालाही रंग ओळखीचे वाटेनात आणि तो वैतागला होता. सौभाग्यवतींनी मला आरसा दिला. त्यात पाहून मीही थोडा वैतागलो. घरातली जळमटे आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकाच दिवशी दिसू लागल्या!

हा पहिल्या दिवसाचा आनंदच पुढे घात करू शकतो. दिसायला लागले, आता औषधाची काय गरज, असे वाटते. पण आतली जखम अजून भरायची असते.

थेंबांचा हंगाम

आणि इथेच आमच्या बीड जिल्ह्याची गोष्ट सुरू होते. दसरा-दिवाळी झाली, की आमच्या डोंगरपट्ट्यातली गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, ती थेट पाडव्याच्या सुमारास परततात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे. नेमक्या याच दिवसांत मोतीबिंदूच्या शिबिरांचा आणि ऑपरेशनांचा हंगाम असतो, कारण 'डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करावं' ही आपली जुनी समजूत. टाके घालण्याच्या, दिवसेंदिवस उताणे पडून राहण्याच्या काळात तिला काही अर्थ होता. आज दोन-अडीच मिलीमीटरच्या छेदातून किंवा त्याहून थोड्या मोठ्या, पण बिनटाक्याच्या छेदातून काम होते. त्याला ऋतूचे बंधन नाही. पण समजूत टिकून आहे. म्हणजे जेव्हा घरात थेंब टाकायला कुणी नसते, तेव्हाच आपण म्हाताऱ्या माणसांची ऑपरेशने उरकतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर धारूर तालुक्यातल्या एक मावशी होत्या. वय सत्तरीच्या घरात. बरोबर सहावीतली नात. परिचारिका थेंबांचे वेळापत्रक समजावू लागली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "लेक-सून कारखान्याला गेलेत बाई. घरी मी अन् ही पोर. बाटलीवरचं मला कुठं वाचता येतंय?"

वेळापत्रक खरोखर किचकट असते. एक बाटली जंतूंना रोखणारी, दुसरी सूज उतरवणारी. ही सूज उतरवणारी स्टेरॉइडची बाटली पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, अशी उतरत्या भाजणीने महिना-दीड महिना चालते. प्रत्येक डॉक्टरांचा क्रम थोडाफार वेगळा. मधेच एकदम बंद केली तर सूज उसळते. संपल्यावरही दुकानातून आणून टाकत राहिले तर डोळ्याचा दाब वाढतो. थेंब टाकण्याआधी साबणाने हात धुवायचे, बाटलीचे तोंड पापणीला लागू द्यायचे नाही, खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरायचा आणि दुसरा थेंब पाच मिनिटांनी. सांगायला सोपे, पण थरथरत्या हातांनी स्वतःच्या डोळ्यात टाकून पाहा! निम्मे औषध गालावर जाते.

सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा तपासणीला भेटलो. नातीने पिशवीतून वही काढून डॉक्टरांसमोर ठेवली. एका बाटलीला तिने लाल दोरा बांधला होता, दुसरीला पांढरा. वहीत लाल आणि पांढरे असे दोन रकाने, प्रत्येक थेंबाला एक रेघ. शाळेच्या वेळेतले थेंब शेजारच्या काकू टाकत, त्यांच्या रेघांवर फुली. इतकी चोख खतावणी मी नोकरीत फार थोड्यांची पाहिली! मावशींना तक्त्यावरच्या 'ई' अक्षराच्या टोकांची दिशा बोटांनी दाखवायची होती. माझी गाडी ज्या ओळीवर थांबली होती, तिच्यापुढची एक ओळ त्यांनी दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमचं डोकं पांढरं हाय व्हय? मला काळंच वाटलं होतं."

या सहा आठवड्यांत आणखी काय सांभाळायचे? डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, चुलीच्या धुरापासून आणि धुळीपासून लांब राहायचे, पोती उचलायची नाहीत. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची कृती आहे, तिथेही रुग्णाने खोकू नये, शिंकू नये, दहा दिवस संयमाने राहावे, असे बजावले आहे. म्हणजे ऑपरेशननंतरची पथ्ये ऑपरेशनइतकीच जुनी!

टोचल्यासारखे होणे, थोडे पाणी येणे, थोडी लाली हे पहिल्या दिवसांत चालते. पण दुखणे वाढू लागले, डोळा लालभडक झाला, पू आला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. हा जंतुसंसर्ग असू शकतो, तो क्वचितच होतो, पण झाला तर तासातासाला नजर नेतो. डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळे ठिपके उडू लागले, कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तरीही तसेच धावावे. मधुमेह्यांच्या पडद्याला महिनाभराने सूज येऊ शकते, म्हणून त्यांनी शेवटची तपासणी अजिबात चुकवू नये. चष्म्याचा नंबरही त्याच सुमाराला ठरतो. साध्या भिंगाने लांबचे छान दिसते, वाचायला मात्र चष्मा लागतो. तो न घेतल्याने 'ऑपरेशन फसलं' म्हणणारे कितीतरी लोक आहेत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले, तर तो मोतीबिंदू परत आलेला नसतो. नव्या भिंगामागचे आवरण धूसर झालेले असते. लेसर किरणांनी ते काही मिनिटांत साफ होते.

वसुलीचा आकडा

नेत्रशस्त्रक्रियेच्या बाबतीत हा भाग अनोळखी नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकवून पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेलेले डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव इथे घराघरांत आहे. लाखावर शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या, २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण इथल्या बायाबापड्या त्यांची दुसरी गोष्ट अधिक सांगतात. १९९५ मध्ये त्यांच्या आईने, अंजनाबाईंनी, त्यांना आपले मूत्रपिंड दिले, ही. ज्याने असे प्रत्यारोपण करून घेतले, त्याला ऑपरेशन एका दिवसाचे आणि औषध रोजचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त. कारण आपल्याला ठाऊक आहे. "माझं काय, भागतंय तेवढ्यावर," हे वाक्य आपल्या घरात आजी म्हणते, आजोबा नाही. तेव्हा ऑपरेशने वाढायलाच हवीत. पण जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये २०३० साठी जे उद्दिष्ट ठरवले, त्यात नुसती ऑपरेशने मोजलेली नाहीत. ऑपरेशननंतर ज्यांना खरोखर चांगले दिसते, त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या गुणांनी वाढावे, असे ते उद्दिष्ट आहे. म्हणजे जगाच्या पातळीवरही आता वाटपाऐवजी वसुली मोजायचे ठरले आहे!

आमच्या जिल्ह्यापुरते त्यासाठी फार मोठे काही लागणार नाही. डोळ्याला घाई नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ऊसतोडीच्या घरातल्या म्हाताऱ्यांची ऑपरेशने पाडवा ते दसरा या दिवसांत ठेवता येतील, लेक-सून घरी असताना. हंगामातच करावे लागले, तर तारीख ठरवण्याआधी एका माणसाचे नाव ठरवावे. थेंब कोण टाकणार? नात, शेजारीण, गल्लीतला कॉलेजातला पोरगा, गावातली आशाताई, कुणीही. कर्जाला जामीनदार लागतो, तसा डोळ्यालाही एक लागतो. शिबिराच्या तपासणीत रक्तातली साखर आणि डोळ्याचा दाब यांच्याबरोबर हा एक रकाना कागदावर वाढवावा. आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा किती मिनिटे लागली, हे विचारूच नका. दुपारचा थेंब टाकला का, ते विचारा. राहिला असेल, तर हात धुऊन तुम्हीच टाका, चहा त्यानंतर घ्या.